कापसाची खोली

सकाळची कामे उरकली की त्या घराच्या ओसरीत चालण्याचा खेळ सुरू होई. ओसरीच्या दोन खांबांना विश्वजीतने एक लांब बांबू आडवा बांधून ठेवला होता, पाच वर्षांच्या मुलीच्या छातीला लागेल एवढ्या उंचीवर. तो बांबू धरून विश्वजीतची मुलगी गोदा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायची. उजवा पाय सरळ पडायचा. डावा आधी अडायचा, मग ओढल्यासारखा मागून यायचा. पलीकडच्या खांबाशी तिची आत्या, प्रेरणा, उकिडवी बसलेली असायची.

"टाच टेकव, गोदे. टाच."

"टेकली की."

"कुठं टेकली? खालून मुंगी जाईल एवढी फट हाय."

"मग जाऊ दे ना मुंगीला. तिला बी काम असंल."

स्वयंपाकघरात भाकरी थापणारी तनुजा, गोदाची आई, हे ऐकून हसली. हे हसू तिला पुष्कळ दिवसांनी परत मिळाले होते. आदल्या वर्षी गोदाला ताप आला, उलट्या झाल्या आणि एका सकाळी ती आईकडे ओळख नसल्यासारखी बघत राहिली. सिल्लोडच्या डॉक्टरांनी तातडीने संभाजीनगरला पाठवले. मेंदूचा क्षय, असे तिथे निदान झाले. मुलगी वाचली, पण घरी आली तेव्हा तिला मानही धरता येत नव्हती. गिळणे, बसणे, "आई" म्हणणे, सगळे तिने दुसऱ्यांदा शिकून घेतले होते.

शहरात तिला व्यायाम शिकवणाऱ्या निलोफर मॅडमनी डाव्या पायाला प्लास्टिकची पट्टी बसवून दिली होती. पट्टीसकट पाय मावावा म्हणून शहागंजच्या बाजारातून एकाच रंगाच्या बुटांचे दोन जोड घ्यावे लागले; एक मोठा, एक लहान. "पाय विसरतो हो," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्याला रोज आठवण द्यायची. एक दिन भी छुट्टी नको." क्षयाच्या गोळ्या अजून चालू होत्या आणि झटके येऊ नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ एक पातळ औषध. या मुलीपासून आता कोणाला काही होणार नाही, हे डॉक्टरांनी विश्वजीतला दोनदा समजावून सांगितले होते.

त्याच दुपारी कडुबामामा आले. ते प्रेरणाच्या आईचे, द्वारकाबाईंचे, भाऊ. भाचीचे लग्न जमवायचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तेव्हाच द्वारकाबाईंच्या ध्यानात आले.

"कन्नडच्या पाहुण्यांनी नाय म्हणून कळवलं," मामा म्हणाले.

"का बरं? पोरगी तर पसंत पडली व्हती की."

"पोरगी पसंत हाय. ओसरीतला बांबू पसंत नाय."

"बांबूचं काय मधीच?"

"जाताना शेजारणीला इचारलं त्यांनी, हा कशाला बांधलाय म्हणून. तिनं सांगितलं समदं. डोक्याचा टीबी म्हणली. झालं. आमच्या घरात शिरला तर, म्हणत्यात."

"मामा, तो असा शिरत नसतो," प्रेरणा आतून म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टर येणार हाय का तुला मांडवातून न्यायाला?"

संध्याकाळी आप्पासाहेबांनी, गोदाच्या आजोबांनी, बांबू सोडला. दोरी कापली नाही. खाली बसून, चष्मा सावरत, एकेक गाठ नखाने उकलली आणि बांबू गोठ्यात नेऊन टाकला. गोदा खांबाला धरून बघत होती. "आप्पा, धुवायला काढला का?" तिने विचारले. आप्पासाहेब "व्हय" म्हणाले.

दुष्ट म्हणावे असे या घरात कोणी नव्हते. निदान मला तरी तसे कोणी सापडले नाही. आप्पासाहेबांनी नातीसाठी दवाखान्याच्या पायऱ्यांवर रात्री काढल्या होत्या. पण लग्नाची मुलगी घरात असली की आजार झाकायचा, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि तरीही त्यांना ते येत होते. विश्वजीत वाळूजच्या कंपनीत होता, सुट्टीलाच गावी यायचा. फोनवर तो तनुजाला म्हणाला, "प्रेरणाचं एकदा जमू दे. मग बघू. थोड्या दिवसांचा तर प्रश्न हाय."

थोडे दिवस लांबत गेले. वेचणीचा कापूस घरात आला. भाव वाढेल म्हणून तो मागच्या खोलीत भरून ठेवला, खिडकीच्या निम्म्यापर्यंत. त्या खोलीला पत्र्याचे दार आणि बाहेरून कडी होती. पुढचे पाहुणे आले तेव्हा द्वारकाबाईंनी गोदाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि तिला त्या कापसात नेऊन बसवले.

"लपाछपी खेळायची, माय. मोठ्यानं बोलायचं नाय."

"राज्य कुणावर?"

"पाहुण्यावर."

पहिल्या वेळी गोदा खुदखुदली. दुसऱ्या वेळी ती फरफटत बाहेर आली, म्हणून तिसऱ्या वेळी कडी लागली.

प्रेरणा भांडली. "माय, तिला तिथं ठेवून मी इथं नटून बसू?"

"तुझ्यासाठीच चाललंय ना हे? मला काय हौस हाय? तुझं वय निघून चाललंय, बाई."

या वाक्यापुढे प्रेरणा दर वेळी गप्प होई. तिने आपल्या परीने एक वाट काढली. गोदाला एक चमचा दिला आणि सांगितले, की अधूनमधून दारावर टकटक कर, म्हणजे मला कळेल तू मजेत आहेस. मग पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसलेली असताना तिला मागून ती बारीक टकटक ऐकू यायची. टीव्ही मोठा लावलेला असला तरी यायची. तोवर तिला वाटायचे, आपण काहीतरी करतो आहोत.

शहरातल्या फेऱ्या बंद झाल्या. एसटीत गावची माणसे भेटतात, विचारतात, असे द्वारकाबाईंचे म्हणणे. निलोफर मॅडमचा फोन आला तर तनुजाने "गावाला गेलोय" म्हणायचे. तनुजा म्हणायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहायची. स्वयंपाकघराचे दार लावून ती गोदाला भिंतीशी उभे करी, पण तेवढ्याने भागत नव्हते. टाचेखालून आता मुंगी नव्हे, बोट जात होते.

एका सकाळी गोदा ताटापुढे बसली होती. बाहेर मोटारसायकलचा आवाज आला. तिने हातातला घास खाली ठेवला आणि काही न बोलता, डावा पाय ओढत, मागच्या खोलीकडे निघाली.

"कुठं गं?" तनुजाने विचारले.

"पाहुणे आले."

तो दूधवाला होता. तनुजाने तसे सांगितले, तरी मोटारसायकल निघून जाईपर्यंत गोदा कापसातून उठली नाही.

तनुजा सासूला म्हणाली, "आत्याबाई, पोरगी आता आपलीआपण जाऊन बसायली."

"बरं झालं की," द्वारकाबाई म्हणाल्या. "शहाणी हाय."

मग ते स्थळ आले. मुलगा ऋतुराज, शहरात नोकरीला. बरोबर त्याचे वडील सखाराम आणि आजी दगडाबाई. कडुबामामांनी बजावून ठेवले होते की असे स्थळ पुन्हा येणार नाही, घरात काही म्हणजे काही दिसता कामा नये. द्वारकाबाई पहाटेपासून घर आवरत होत्या. पायाची पट्टी, बुटांचे दोन्ही जोड, गोळ्यांची पाकिटे आणि ती औषधाची बाटली असे सगळे त्यांनी लोखंडी ट्रंकेत टाकले आणि किल्ली कमरेला खोचली. तनुजाला वाटले, सासूबाईंनी औषध देऊनच बाटली ठेवली असेल. सासूबाईंना वाटले, सुनेने कधीच पाजले असेल. पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता दोघींपैकी एकीने जरी विचारले असते तरी पुरले असते. आदल्या संध्याकाळीही घर सारवण्याच्या गडबडीत औषध राहिलेच होते.

दुपारी गाडी दारात थांबली, तेव्हा गोदा आधीच कापसात जाऊन बसली होती. द्वारकाबाईंनी फक्त कडी लावली.

पोहे झाले, चहा झाला. सखाराम कापसाच्या भावावर बोलले, आप्पासाहेब "व्हय, व्हय" करत राहिले. प्रेरणा सतरंजीच्या कडेला बसली होती. नाव सांगितले, शिक्षण सांगितले. तिचे कान मागे होते. टकटक येत होती. मग थांबून थांबून येऊ लागली. मग आली नाही.

"स्वयंपाक येतो का समदा?" दगडाबाईंनी विचारले.

"येतो."

"पुरण?"

प्रेरणाने मान मागच्या दाराकडे वळवली. ती ऐकत होती.

"लाजतीय," कडुबामामा हसून म्हणाले.

"लाजू दे. पर बाय, जरा चालून दाखव बरं. साडीत पाय कळत नाय. आमच्या वेळी तर उंबऱ्यावरून उडी मारायला लावायचे!" दगडाबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. ऋतुराज मात्र खाली बघू लागला. "आजी, राहू दे ना," तो पुटपुटला.

प्रेरणा उठली. सतरंजीच्या टोकापर्यंत गेली. तिथून वळून परत यायचे असते. ती वळली नाही.

"अगं, तिकडं कुठं?" द्वारकाबाईंचा आवाज चिरका झाला.

"चालून दाखवतेय," प्रेरणा म्हणाली आणि मागच्या दाराने धावत सुटली.

तिने कडी काढली. आत बराच कापूस एका अंगाला घसरला होता. पांढऱ्या ढिगातून कोपरापर्यंत एक हात वर आलेला दिसत होता. मुठीत चमचा घट्ट होता आणि हात झटक्यांनी सारखा खाली आपटत होता. चमचा कापसावर पडत होता. आवाज होत नव्हता.

"वहिनी!"

तनुजा आली आणि दोन्ही हातांनी कापूस उपसू लागली. गोदाचे डोळे वर गेले होते, ओठ निळे पडले होते, तोंडात कापूस होता. प्रेरणाने तो बोटाने काढला आणि तिला कुशीवर वळवले. दारात पाहुणे उभे होते. आता झाकायला काही उरले नव्हते.

"औषध दिलं व्हतं ना सकाळी?" तनुजा ओरडली. द्वारकाबाईंचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला.

ऋतुराजने गाडी काढली. सिल्लोडला झटका थांबवला, प्राणवायू लावला आणि पुढे शहराला न्यायला सांगितले. रुग्णवाहिका येईपर्यंत सगळे दवाखान्याच्या बाकावर बसून होते. सतरंजीवर समोरासमोर बसलेली माणसे आता एका रांगेत बसली होती. दगडाबाई द्वारकाबाईंच्या शेजारी सरकल्या.

"आमच्याकडं बी एक खोली हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्या ऋतुराजचा धाकला भाऊ. जन्मापासून हातपाय वाकडे. तुम्ही आमचं घर बघाया येणार, म्हणून त्याला माळवदावरच्या खोलीत ठेवायचं ठरलं व्हतं. आज बी त्याला आत ठेवून दार लावूनच आलोय. सवयीनं."

द्वारकाबाईंनी कमरेची किल्ली काढून मुठीत धरली.

प्रेरणा उभी होती. तिच्या नव्या साडीला जागोजागी कापूस चिकटला होता. "आजी, घरी फोन लावा," ती म्हणाली. "दार उघडा म्हणावं. आत्ता."

दगडाबाईंना फोन लावता येत नव्हता. ऋतुराजने खिशातून आपला काढला. बोलायला तो बाहेर गेला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असा तिथेच बोलला. सखाराम भिंतीकडे बघत राहिले.

गोदा वाचली. पण कापसात किती वेळ तिचा श्वास कोंडला होता, ते कोणालाच ठाऊक नव्हते. शुद्धीवर आली तेव्हा डावा हातही उचलेना. निलोफर मॅडमनी तिला तपासले, टाच तळव्यात धरून हळूहळू खाली दाबून पाहिली. त्या रागावतील म्हणून तनुजा वाट बघत होती. त्या रागावल्या नाहीत.

"बसण्यापासून सुरू करू," त्या एवढेच म्हणाल्या.

विश्वजीतने रजा काढली. कापूस मिळेल त्या भावाने गेला. आप्पासाहेबांनी एका सकाळी मागच्या खोलीचे पत्र्याचे दार बिजागऱ्यांतून उचलून बाहेर काढले. मग गोठ्यातून बांबू आणला, पुसला आणि ओसरीच्या खांबांना बांधला. या वेळी त्यांनी गाठी इतक्या घट्ट मारल्या की त्यांची बोटे सोलली. प्रेरणाने घरात सांगून टाकले, की यापुढे मला बघायला जो येईल तो आधी गोदाला भेटेल. ते जमत नसेल त्याने चहासुद्धा पिऊ नये. ट्रंकेची किल्ली द्वारकाबाईंनी भिंतीतल्या देवळीत सर्वांना दिसेल अशी ठेवली होती.

पुष्कळ दिवसांनी गोदा पुन्हा बांबूला धरून उभी राहिली. एका हाताने. तनुजा तिच्या पाठीशी होती.

"टाच, गोदे," प्रेरणा म्हणाली.

गोदाने टाच खाली न्यायचा प्रयत्न केला. इतक्यात गल्लीत मोटारसायकल वाजली आणि दाराशी येऊन थांबली. गोदाचे सगळे अंग ताठ झाले. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. आजीच्या, आईच्या, आजोबांच्या.

"पाहुणे आले," ती हळूच म्हणाली. "मी जाऊ आत?"

बाहेर कडुबामामा टोपी सावरत उभे होते.

"मामा, इकडून या," प्रेरणा मोठ्याने म्हणाली. "ओसरीतून. आधी हिला भेटा."

मामांनी चपला काढल्या आणि ते पायरी चढले. गोदाने बांबू सोडला नाही. पण तिची मान अजून मागच्या खोलीकडेच वळलेली होती.