डेलियाचा ‘नको’

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी पाटी आहे. दगडाची नव्हे, विजेवर चालणारी. माझ्या अंगावर चित्रांच्या चौकटी आहेत. चित्र दाबलं की मी तो शब्द बोलते.

केंटकीच्या डोंगरात, कोळशाच्या खाणीच्या गावात डेलिया राहते. तिला तोंडाने बोलता येत नाही, म्हणून मी आले. तिने पहिल्यांदा ‘आई’ दाबलं तेव्हा तिची आई वॅनेटा ढसाढसा रडली. आजी तर मला रोज एप्रनने पुसायची. काय कौतुक होतं माझं तेव्हा!

डेलियाचा लाडका शब्द मात्र ‘नको’. घेवडा नको, अंघोळ नको. एका रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांची प्रार्थना लांबली, तर तिथेही ‘नको, नको’. सगळे हसले. आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग शाळेतून सभेचं बोलावणं आलं. अशा मुलांचं पुढचं वर्ष शिक्षक आणि पालक मिळून ठरवतात. यंदा डेलियाला डोंगरापलीकडच्या वेगळ्या शाळेत धाडायचं घाटत होतं. तिची एकुलती एक मैत्रीण जून इथेच राहणार होती.

घरात तयारी सुरू झाली. फ्रॉकला इस्त्री झाली. सभेच्या टेबलावर ठेवायला डेलियाचा हसरा फोटो निघाला.

“वॅनेटा, तेवढं ते ‘नको’ काढ गं,” आजी म्हणाली. “तिथे सुरू झाली तर म्हणतील, पोर हट्टी आहे, न्या हिला.”

“अगं आई, तिचाच शब्द आहे तो.”

“एका दिवसाचा तर प्रश्न. चार लोकांत शोभा कशाला?”

वॅनेटाने तो शब्द लपवला. चौकट कोरी झाली. मला फार वाईट वाटलं, पण मी दुसऱ्याच्या बोटाने बोलणारी.

डेलियाला इथेच राहू द्या, म्हणून सभेत वॅनेटा पोटतिडकीने बोलली. मग मुख्याध्यापिका डेलियाकडे वळल्या. “नव्या शाळेत जाशील ना, बाळा?”

डेलियाने कोरी चौकट दाबली. मी गप्प. पुन्हा दाबली, नखाने खरवडली. मग हात मांडीवर ठेवून खाली बघत बसली.

“बघा, हिची काही हरकत दिसत नाही,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“अहो, तिचा ‘नको’ मीच काढलाय!” वॅनेटा कळवळून म्हणाली. “थांबा, आत्ता लावते.”

“आता तुम्ही लावून दिलात, तर ते तिचं म्हणणं कसं मानायचं?” बाई शांतपणे म्हणाल्या, आणि पुढचा विषय निघाला.

आता डेलिया पहाटे अंधारातच डोंगरापलीकडच्या शाळेच्या बसने निघते. ‘नको’ चौकटीत परत आलाय, पण ती त्याला बोट लावत नाही. घेवडाही मुकाट्याने खाते, आणि आजीला तो वाढवत नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणाचा ‘नको’ काढून घेऊ नका, एका दिवसासाठीसुद्धा. माझ्यावर तिच्या नखाचा ओरखडा आहे. त्या दिवशी ती जे बोलली होती, ते एवढंच.