कळल्यापासून सुतक

माणूस मंगळावर राहायला कधी जाणार, हा प्रश्न कुळगावात सहसा कुणाला पडत नाही. सोनिवलीच्या नव्या टॉवरांना पाणी कधी येणार, हा पडतो. महिपतीच्या घरात मात्र वर्षभर मंगळच चालला होता, कारण त्याची पोरगी ऋतिका त्या कामाला लागली होती.

मंगळावर नाही हो, लडाखात. एका संस्थेने तिथल्या उजाड माळावर घुमट बांधला होता आणि सहा जणांनी त्यात आठ महिने दार न उघडता राहायचं होतं, आपण मंगळावरच आहोत असं धरून. घरच्यांशी फोन नाही. दर रविवारी दहा ते बारा या वेळात आवाजाचे निरोप पाठवायचे, तेही मुद्दाम वीस मिनिटं अडवून मग आत ऐकवायचे. मंगळ लांब असला की बोलणं पोचायला तेवढा वेळ लागतो म्हणे. "रॉकेट होईल रे दहा-वीस वर्षांत," ऋतिका जाताना बापाला म्हणाली होती. "माणूस कधी तयार होतो ते बघायचंय."

जाण्याआधी घरच्यांनी भरायचा एक फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: घरात कुणाचा मृत्यू झाल्यास आत कळवायचं का? हो किंवा नाही. एकदा लिहिलं की बदलायचं नाही. कळवलं, तर प्रयोग तिथेच बंद आणि सहाही जण बाहेर.

महिपती, त्याची बायको बकुळा आणि म्हातारी आई गोजरबाई, तिघं तो फॉर्म घेऊन बसले. प्रश्न वाचला आणि नवराबायकोने नकळत म्हातारीकडे बघितलं. म्हातारीने स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"बघता काय? सत्त्याऐंशी झाली. माझ्या गोवऱ्या गेल्यात मसणात," गोजरबाई म्हणाली. "लिवा नाय. माझ्यापायी पोरीचं काम कशाला नासवायचं?"

बकुळाने हसून सासूच्या मांडीवर चापट मारली आणि 'नाही'वर खूण केली. ऋतिकानेही आपल्या फॉर्मवर तीच केली. खाली सही महिपतीची.

आणि पाच महिन्यांनी, गेल्या बुधवारी सकाळी, तव्यावर भाकरी असताना बकुळा ओट्याशी खाली बसली ती उठली नाही. उल्हासनगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बावन्न वर्षांची बाई.

महिपती रडला नाही. मेव्हणा शिवराम त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता आणि महिपतीचं लक्ष मोरीतल्या नळाकडे होतं. तो नळ सहा महिने ठिबकत होता. आनंदनगरच्या कारखान्यात हा दिवसभर व्हॉल्व्ह आवळणारा फिटर आणि घरचा नळ गळका, यावरून बकुळा त्याला येताजाता टोमणे मारायची. शुक्रवारी त्याने पाना काढला आणि वायसर बदलला. ठिबकणं थांबलं. आता काहीतरी वाटेल म्हणून तो मोरीच्या उंबऱ्यावर थोडा वेळ बसला, पण काही वाटलं नाही.

संस्थेतल्या बाईला त्याने कळवलं होतं. ती हिंदीतून फार मायेने बोलली. मग म्हणाली, "अंकल, फॉर्म में आपने 'नहीं' लिखा है. ऋतिका ने भी."

"हां, लिखा है," महिपती म्हणाला. लिहिताना आमच्या मनात भलतंच माणूस होतं, हे हिंदीत कसं सांगायचं ते त्याला सुचेना. मराठीत तरी कुठं सुचत होतं!

रविवार आला. एरवी निरोप बकुळाचाच असायचा. आधी 'जेवलीस का', मग आठवड्याच्या सगळ्या भाज्या. महिपती मागून 'बरं आहे' म्हणायचा आणि गोजरबाई लांबूनच ओरडायची, फोन म्हणजे विहीर असल्यासारखी. आज महिपती एकटाच फोन धरून बसला. खरं सांगायचं नाही आणि खोटं तर जिभेवर येईना.

"ऋतिका, आम्ही बरे आहोत," तो म्हणाला. "मोरीतला नळ दुरुस्त केला. सोनिवलीहून शिवराममामाचा डबा येतो रोज. वरणभात. फोडणी नसते. बाकी बरं."

संस्थेची माणसं प्रत्येक निरोप आधी ऐकायची. त्यांनी वरणभात ऐकला आणि पुढे सोडला. इकडे गोजरबाईने कपाळावर हात मारला.

"आरं, मामाकडचा डबा आन् बिनफोडणीचं वरण! शेंबड्या पोरालाबी कळंल घरात सुतक हाय."

 सुतकाच्या घरी फोडणी पडत नाही, हे महिपतीला जन्मापासून ठाऊक होतं. बोलताना तेवढंच आठवलं नव्हतं.

अकरा वाजून गेल्यावर उत्तर आलं. त्याने फोन दोघांच्या मधे ठेवला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग ऋतिका बोलली.

"बाबा, आजी गेली ना? तू काही बोलू नकोस, नियम मला माहितेय. मीपण 'नाही'च लिहिलं होतं. पण कळलं मला. रडले मी खूप. आता ठीक आहे, मी राहते इथे. बाबा, आईकडे बघ. दोघी दिवसभर भांडायच्या, पण आजीशिवाय आईला घास जायचा नाही. आज ती बोललीपण नाही... आईला सांभाळ रे."

आपल्याच मरणाचं रडणं गोजरबाईने शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा एकदा लावायला लावलं.

"राहू दे आता, बय," महिपती म्हणाला. "तीनच महिने राहिलेत. तेवढे तू गप्प बस."

"आन् आईचं इचारंल तर?"

"घसा बसलाय म्हणेन."

"तीन महिने घसा?" म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. "माझ्यासाठी रडली, चांगली रडली. पर तिच्या आईचं रडणं मी कसं घेऊ? लांबच्या मानसाला कळल्यापासून सुतक लागतं. तिला कळूच दिलं नाय, तर ती आपल्या आईची कोन? उठून यायचं का काम पुरं करायचं, ते तिचं ती ठरवंल. ल्हान हाय का?"

"बय, मेल्याचं कळवायचं नाही, असं लिहून दिलंय आपण."

"मी कुठं मेल्याचं कळवते? मी जितीचं कळवते. आण तो फोन."

या वेळी ती ओरडली नाही. फोन ओठांना लावून म्हणाली, "ऋतू, मी आजी बोलते गं. जेवलीस का?" एवढंच बोलून तिने फोन महिपतीच्या हातात दिला.

महिपतीने निरोप पाठवला तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. संस्थेच्या माणसांनी एका म्हातारीला जेवणाची चौकशी करताना ऐकलं आणि तेही पुढे सोडलं.

आता वीस मिनिटं. तेवढा वेळ ऋतिकाला अजून आई होती. महिपती घड्याळासमोर बसून राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. गोजरबाई त्याचा हात धरून होती आणि मोरीतला नळ गप्प होता. अठराव्या मिनिटाला महिपती रडायला लागला, पोरीच्या दोन मिनिटं आधी.