अंजनाची हजेरी

शिट्टीत एक दाणा होता. बाहेरून दिसत नव्हता, पण हलवली की आतल्या आत खुळखुळायचा, आणि सारजाबाई मघापासून ती कानाशी नेऊन हलवत होती – जणू सोनारानं नवी नथ दिलीय आणि मोती पक्का बसलाय की नाही ते बघायचंय. नारिंगी प्लास्टिकची शिट्टी, काळी दोरी. बीडहून आलेल्या सरांनी, वीरेश नाव त्यांचं, वयानं तिच्या धाकट्या पोराएवढे, ती सगळ्यांदेखत तिच्या हातात दिली होती. "ताई, आग लागल्यावर बायकांची मोजणी तुम्ही करायची. वाचता येतं ना?" सातवी शिकलेल्या बाईला या जिनिंगमध्ये मास्तरणीचा मान; तिच्याआधी बाकीच्या बायांनीच माना डोलावल्या. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत कागदही हातात आला होता. तेवीस नावं. अकरावं – अंजना.

मोजणी माझ्याकडं... देवानं थट्टा करावी, पण तिलाही काही माप असावं.

हंगाम नुकता सुरू झाला होता. वजनकाट्याच्या पलीकडे कापसाच्या गंज्या पांढऱ्याफेक उभ्या होत्या, सरकी वेगळी करणारे रेचे आज सकाळपासून बंद होते, आणि त्या शांततेत रोजची जागा परक्याच्या घरासारखी वाटत होती. तीन वर्षांपूर्वी गाठींच्या गोडाऊनला आग लागली तेव्हापासून मालक, कल्याणराव, दर हंगामाला हे शिक्षण ठेवतात. आधीचे सर येत, लाल सिलिंडरमधून भुकटी फुर्रकन उडवत, सह्या-अंगठे घेत, फोटो काढत आणि चहा पिऊन जात. हे पोरगं निराळं होतं. त्यानं चंद्रभागाबाईच्या हातात सिलिंडर देऊन पिन ओढायला लावली, पदर कमरेला कसा घट्ट खोचायचा ते स्वतःचा रुमाल खोचून दाखवलं, आणि धुरात उभं राहायचं नाही, खाली वाकून सरकायचं, हे तर जमिनीवर रांगूनच दाखवलं. पँट कापसानं भरली. बाया हसल्या. सारजाबाईही हसली असती, पण रांगणारं माणूस बघितलं की ती नजर फिरवते. नातू रांगायला लागला तेव्हासुद्धा फिरवली होती, आणि सून म्हणाली होती, आत्याबाईला नातवाचं कौतुकच नाही.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," सर कपडे झटकत म्हणाले, "एकदा बाहेर आलात की परत आत जायचं नाही. मोबाईल राहू द्या, पिशवी राहू द्या. मागच्या आगीत इथल्याच एक ताई बाहेर आल्या होत्या, आणि डबा आणायला परत आत गेल्या. असं मला सांगितलंय. एका डब्यापायी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. अंजनानं पदराचं टोक ओठात धरलं आणि हसली – लेकराची जुनी खोडी कुणी चारचौघांत सांगावी आणि आईनं हसावं, तशी. उलटून काही बोलायचं म्हटलं तरी तिला बोलता आलं नसतं. त्या धुरानं तिचा घसा आतून भाजला तो भाजलाच; आता तिचा आवाज म्हणजे सुपातून भुसा उडावा एवढाच. ऐकायचा तर कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो.

सारजाबाईच्या हातातली शिट्टी गप्प झाली.

डबा... त्या दिवशी अंजनाचा डबा सारजाबाईच्या पिशवीत होता. संध्याकाळी दवाखान्यातून घरी गेल्यावर तिनंच तो उघडला, दोन भाकरी आणि कारळाची चटणी, भाकरी गाईला घातली, डबा राखेनं घासला, पुन्हा घासला, उजाडेपर्यंत तो कितीदा घासला कुणास ठाऊक.

त्याआधी चार वर्षं रोज सकाळी एकच खेळ चालायचा. मुकादम राधाकिशन बरोबर आठाला हजेरीचं मस्टर उघडायचा, आणि धारूरकडून येणारी एस.टी. सव्वाआठाच्या आत आल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. पंधरा मिनिटांपायी अंजनाचा अर्धा रोज बुडायचा. म्हणून तिचं नाव आलं की मागच्या रांगेतून, पदर तोंडाला लावून, जरा बारीक आवाज काढून सारजाबाई म्हणायची, "हाय." राधाकिशनला कळत नव्हतं असं नाही. एखाद्या दिवशी तो पेन थांबवून म्हणायचा, "अंजनाबाई, आज आवाज बसला का काय? सारजाबाईवानी येतोय." बाया पदरात हसायच्या, तो टिंब टाकायचा, आणि सव्वाआठला अंजना धापा टाकत यायची – हातात सारजाक्कासाठी कधी डोंगरातली बोरं, कधी सीताफळ. याला कुणी फसवणूक म्हणालं असतं तर सारजाबाई त्याच्या अंगावर गेली असती. एकमेकीच्या नावाला उभं राहायचं नाही तर मग संगतीनं कामाला कशाला यायचं?

त्या दिवशी अंजना वेळेवर आली होती, हेच तर... पण लेक स्वप्ना तापानं फणफणलेली, दोन रात्री हिच्या डोळ्याला डोळा नाही. ओट्यावर कापसातला कचरा वेचता वेचता ती बसल्या जागी पेंगायला लागली तेव्हा सारजाबाईच म्हणाली, "जा, गाठीच्या मागं पड जरा. ऊब हाय तिथं. मुकादमाचं मी बघते." मीच म्हणाले. दुसरं कुणी नाही. मग दोन वाजता भोंगा, धूर, पळापळ, काट्यापुढं सगळ्यांना उभं केलेलं, राधाकिशनच्या हातात मस्टर, तो ओरडून एकेक नाव घेतोय – आणि 'अंजना' आलं. जिभेला हाड नसतं म्हणतात. सारजाबाईच्या जिभेला सवय होती. "हाय."

पुढचं नाव आलं. त्याच्या पुढचं आलं. तिला कळलं होतं, तेव्हाच कळलं होतं, पण वाटलं, आली असेल की बाहेर, इथंच कुठंतरी मागं असेल... ती टाचा उंचावून चेहरे शोधत होती. राधाकिशन म्हणाला, "तेवीस. समद्या हायेत." गडी गंज्यांवर पाणी मारायला पळाले. गोडाऊनकडे कुणी बघेना. आता ओरड, सारजे – आणि तोंड उघडेना, कारण ओरडायचं म्हणजे चार वर्षांच्या सकाळी एकदम सगळ्यांपुढं सांडायच्या, आणि मुकादम काय म्हणेल, काम जाईल का... एवढं सगळं माणसाच्या मनात येतं. गोडाऊन जळत असताना येतं. किती वेळ? तिनं पुष्कळदा मोजलंय. दीडशेपर्यंत आकडे म्हणण्याइतका. मग बाजूच्या लहान दारातून, सरकीच्या ढिगाकडून, काळं काहीतरी रांगत बाहेर आलं.

दवाखान्याच्या ओसरीवर कल्याणरावांनी विचारलं, मोजणी पुरी भरली होती तर ही बाई आत कशी? राधाकिशन बोलला, "परत गेली असंल, साहेब. डब्या-बिब्यासाठी." बोलताना त्यानं एकदाच सारजाबाईकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. झाकली मूठ. त्यात त्याचीही अब्रू होती, सारजाबाईचीही होती. फक्त अंजनाची नव्हती. ती जन्माची डब्यापायी आगीत शिरलेली खुळी बाई झाली, आणि आता तर प्रशिक्षणात शिकवलीही जाते.

दुपारच्या सुट्टीत दोघी ओट्याच्या कडेला बसल्या. अंजनानं भाकरीचा वरचा पापुद्रा काढून सारजाबाईच्या पुढ्यात ठेवला, नेहमीसारखा. तो सारजाबाईला आवडतो. घरी अंजना लेकीला टाळी वाजवून बोलावते. एक टाळी म्हणजे ये, दोन म्हणजे लवकर ये. स्वप्नाला आता तीच आईची हाक वाटते, शाळेत कुणी टाळ्या वाजवल्या की पोरगी दचकून मागे बघते, हे अंजनानंच एकदा कानात सांगितलं होतं, हसत. आज तिनं शिट्टीला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या: मोठी झालीस गं.

"तुला नाद लागंल, सोड ती," सारजाबाई म्हणाली, आणि पापुद्र्यावर पाणी प्याली.

तीन वाजता रंगीत तालीम. भोंगा वाजला, आणि खोटा आहे हे माहीत असूनही तिनं आधी गोडाऊनकडे बघितलं. बाया चालत, हसत, एकमेकींना कोपरं मारत काट्यापुढं आल्या. सर हातातल्या मोबाईलवर वेळ मोजत होते. राधाकिशन गड्यांच्या रांगेपाशी. सारजाबाईनं शिट्टी फुंकली, दाणा नाचला, आणि ती वाचू लागली. पहिलं नाव, हाय. दुसरं, हाय. कागद ओला कशानं होतोय म्हणून बघितलं तर तिचाच अंगठा.

"अंजना."

"हाय," चंद्रभागाबाई म्हणाली.

मायेनंच म्हणाली. गेली तीन वर्षं असंच चालतं. अंजनाचा आवाज पोचत नाही म्हणून जी शेजारी असेल ती तिच्या वाटचं म्हणते. सारजाबाईचं बोट नावावर थांबलं. पुढचं नाव दिसत होतं, अगदी खालीच होतं, नुसतं बोट सरकवायचं होतं...

"म्हणलं की हाय," चंद्रभागाबाई पुन्हा म्हणाली.

"तू न्हाई. जिचं नाव हाय तिनं."

अंजनाचे ओठ हलले. चार पावलांवर उभ्या असलेल्या सारजाबाईला काही ऐकू आलं नाही. मग ती चालत गेली, अंजनाच्या खांद्यावर हात ठेवला, खांदा खरा होता, ऊनऊन होता, आणि तो हात तिथेच ठेवून ती सरांकडे वळली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"सर, ही डब्यासाठी परत गेली नव्हती. ही आतच व्हती. हिच्या नावाला हाय म्या म्हणलं व्हतं."

राधाकिशन आपल्या चपलेकडे बघत राहिला. सरांनी मान वर केली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, काहीतरी महत्त्वाचं आहे एवढं त्यांना कळलं, काय ते नाही कळलं. "बरं... ते आपण नंतर सविस्तर बोलू, ताई. साडेचार मिनिटं झालीत. पुढचं नाव घ्या."

तीन वर्षं छातीवर घेऊन झोपलेली गोष्ट, आणि पुढचं नाव घ्या. सारजाबाईनं पुढचं नाव घेतलं. तेविसाव्या नावापर्यंत एकेकीचं तोंड बघून घेतलं. तेवीस. संपल्यावर चंद्रभागाबाई तिच्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "आता कावून उकरलंस ते?"

सर नंतर बोलणार होते, पण त्यांना जायची घाई झाली. राधाकिशन समोर आला नाही. उद्या काय होईल? कामावर ठेवतील, न ठेवतील... तिला आश्चर्य वाटलं ते याचं की त्या विचाराला आज धार नव्हती. धार दुसरीकडेच होती: अंजनानं अजून तिच्याकडे बघितलं नव्हतं.

फाट्यापर्यंतची वाट दोघी रोजच्यासारख्या चालल्या. ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, धुरळा बसेपर्यंत थांबल्या. एस.टी. यायची होती. मग अंजनानं तिचं मनगट धरलं, तिला जरा खाली वाकवलं आणि तोंड कानाशी आणलं.

"मला ठावं व्हतं, आक्का."

सारजाबाई तशीच वाकून ऐकत राहिली.

"आतून आयकू आलतं. कायबी दिसत नव्हतं, दार कोन्या अंगाला हाय ते कळंना. मुकादम नावं घेत व्हता. माजं नाव आलं आन तू हाय म्हणलीस." ती दम घ्यायला थांबली. एवढं बोलायला तिला फार कष्ट पडतात. "म्हणलं, आक्का तिकडं हाय. तिकडंच सरकत आले."

पत्र्याच्या भिंती, आत गाठी, बाहेर गड्यांचा आरडाओरडा, काट्यापासून गोडाऊन शंभर पावलं... पोचला असेल? रोजच्यासारखा, पदराआडून काढलेला, बारीक आवाज? अंजना तशी खोटं बोलण्यात तरबेज. सारजाबाईची करपलेली भाजी ती बोटं चाटून खाते, आणि रडणाऱ्या बाईला गप्प करायला काय सांगावं हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. पण डोळे बघितले तर त्यात काहीच सापडेना, ना खरं ना खोटं. नुसती अंजना होती.

"मग तीन वर्षं बोलली कावून न्हाईस?"

"तू कुटं बोललीस?"

एस.टी. आली. सारजाबाईनं गळ्यातली दोरी काढली आणि अंजनाच्या गळ्यात घातली, घाईत तिच्या अंबाड्यात अडकली, सोडवून नीट घातली. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं. मोजायचं मी तोंडानं मोजीन." अंजना काही म्हणाली, पण कंडक्टरनं घंटी मारली त्यात ते विरून गेलं.

गाडी निघाली. सारजाबाई रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रोज ती गाडी हलली की पाठ फिरवायची, घरी चूल वाट बघत असते. आज पाय निघेनात. ते सगळं तसंच होतं, दीडशे आकडे, तो धूर, डबा – कमी काही झालं नव्हतं. पण त्यातच आता ते दुसरंही येऊन बसलं होतं, खरं असो की अंजनानं करून दिलेलं असो, आणि दोन्ही एकाच छातीत मावत होती कशी, हे तिला कळत नव्हतं. डोळे भरले, आणि तिनं ते पुसले नाहीत.

वळणाच्या अलीकडे गाडीच्या खिडकीतून शिट्टी वाजली. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

सारजाबाईचं तोंड आपलं आपण उघडलं. "हाय," ती म्हणाली – पदर न लावता, आवाज बारीक न करता, स्वतःच्या आवाजात. गाडी तोवर वळली होती. पोचला की नाही, कोण जाणे.