दिवसाची झोप आणि न्हाणीचा दिवा

गोव्याला घटकराज्य मिळालं त्या वर्षी आमच्या पाळी गावात पेढे वाटले. माझ्या नवऱ्याला मात्र धड झोपही मिळत नव्हती. हे खाणीवर डंपर चालवायचे, तेही रातपाळीला. सकाळी सातला येऊन, पेज जेवून आडवे व्हायचे. आणि मग मामा, म्हणजे माझे सासरे, न्हाणीकडे निघायचे.

न्हाणीच्या दिव्याचं बटण चिनीमातीचं, मामांनी हौसेनं वास्कोहून आणलेलं. खाली ओढलं की असं खट्ट वाजायचं, की फळीच्या भिंतीपलीकडे झोपलेले हे दचकून उठायचे. मामांचं वय झालेलं, दुपारपर्यंत सहा फेऱ्या. म्हणजे बारा वेळा खट्ट. भरदिवसा दिवा कशाला? तर खाणीची तांबडी धूळ येते म्हणून न्हाणीची खिडकी मामांनीच विटा लावून बुजवली होती. आपणच खिडकी बुजवायची आणि आपणच काळोख म्हणून कुरकुरायचं! मी कपाळावर हात मारून घ्यायची.

"मामा, नवें बटण घालूंया. आवाज करिना तसलें," मी म्हटलं.

"ह्या बटणान पंदरा वर्सां काडलीं. तुजें नवें पंदरा दीस तरी टिकतलें?"

विषय संपला.

एका सकाळी हे आले, जेवायला बसले. पेज पुढ्यात तशीच. मग हळूच म्हणाले, "काल दोळो लागलो. डंपराचें चाक खाणीच्या कडेर वचून थांबलें."

मामा दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं. ते तसेच अंगणात गेले.

त्या दिवशी खट्ट वाजलं नाही. मामा काळोखातच न्हाणीत शिरले आणि पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणावर धडकले. तो आवाज शेजारच्या कमलनंही ऐकला. हे उठून बसले. गुडघा चोळत मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला राग धरवेना.

"मामा," मी स्वयंपाकघराच्या छपराकडे बोट दाखवत म्हटलं, "रांदचे कुडींत आसा तशें काचेचें कौल न्हाणीर घालूंया. बटण आसा थंय उरूं."

बटणाचा मान राहिला, मग मामा कशाला नाही म्हणतील? संध्याकाळी हे कामावर गेल्यावर सत्तरीचे मामा काचेचं कौल घेऊन स्वतः शिडी चढले. मी खालून शिडी घट्ट धरून सगळ्या देवांना हाका मारत होते.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत लख्ख उजेड. मामा सहा वेळा गेले नि आले, चोरपावलांनी. हे साडेतीनपर्यंत घोरत होते. लग्न झाल्यापासून त्यांना इतकं गाढ झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. मला आनंदानं रडूच आलं. त्याच भरात मी भांडी घासायला घेतली, जरा जोरातच.

मामा ओठांवर बोट ठेवून लगबगीनं आले.

"हळू गो," ते कुजबुजले, "म्हजो पूत न्हिदला."