तीन बोटांचा डबल बास

किल्लारीच्या भूकंपात मंजुश्रीच्या डाव्या हाताची अनामिका गेली. लातूरला मामाकडे राहून ती दोन वर्षं शरदचंद्र सरांकडे व्हायोलिन शिकत होती. गणपतीला म्हणून गावी गेली आणि भिंतीखाली सापडली. वडील वाचले नाहीत. ती आणि आई सिद्धम्मा लातुरात पत्र्याच्या खोलीत राहू लागल्या.

दीड वर्षानं एका कोचिंग क्लासमध्ये नोट्स वाटण्याचं काम तिला मिळालं. दुपारी बॅच नसली की शरदचंद्र सर त्याच इमारतीत वरच्या हॉलमध्ये व्हायोलिन शिकवत. एक दिवस ती व्हायोलिनची पेटी घेऊन वर गेली.

"सर, हे कुणाला तरी द्या. माझ्याच्यानं आता न्हाई होत."

सरांनी पेटी घेतली नाही. त्यांनी तिचा हात हातात घेऊन नीट पाहिला आणि कोपऱ्यातल्या माणसाएवढ्या वाद्यावरचं कापड ओढलं. सिकंदराबादच्या एका चर्चमधून आणलेला तो डबल बास वाजवणारं इथं कुणी नव्हतं.

"व्हायोलिन, व्हायोला, चेलो ही सगळी भावंडं, आणि हा सगळ्यांत थोरला. व्हायोलिनला चारही बोटं वेगवेगळी लागतात. ह्याचे सूर इतके लांब लांब असतात की खालच्या सुरांना तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, एवढ्यावरच भागतं. अनामिका करंगळीला नुसता टेका देते."

"टेका नसला तर?"

"करंगळीला दुप्पट कष्ट. सोपं आहे असं मी म्हणणार नाही."

गजाला राळ लावून त्यांनी तो तिच्या हाती दिला. "दाबू नको. दंडाचं वजन तारेवर सोड, आणि सावकाश ओढ."

पहिल्या दिवशी नुसती खरखर निघाली. महिन्याभरात बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. करंगळी रात्रंदिवस ठणकायची. पण सूर लागू लागला.

एका रविवारी तिनं आईला ऐकायला आणलं. सिद्धम्मा भिंतीला टेकून बसली. मंजुश्रीनं सगळ्यांत जाड तार छेडली, तसा फरशीतून घुमारा गेला आणि खिडकीची तावदानं थरथरली. सिद्धम्मा किंचाळत उठली, अनवाणीच जिना उतरून रस्त्यावर गेली.

मंजुश्री मागोमाग धावली. आई विजेच्या खांबाला धरून उभी होती.

"मंजू, भाईर ये! हालतंय!"

"न्हाई माय. मीच वाजवत होते."

"खोटं बोलू नको. असाच आवाज आल्ता."

भूकंपापासून आईनं त्या आवाजाचं नाव काढलं नव्हतं. मंजुश्रीनं तिला हाताला धरून पायरीवर बसवलं. "चल, दावते तुला. दार उघडं ठेवू," ती म्हणाली.

वर आल्यावर तिनं आईचा तळहात वाद्याच्या लाकडावर टेकवला आणि अगदी हळू गज ओढला. सिद्धम्मानं हात झटकला. मग स्वतःच परत ठेवला.

"आता थांबव," ती म्हणाली.

मंजुश्रीनं गज उचलला. लाकडाची थरथर थांबली.

"पुन्हा सुरू कर."

सूर पुन्हा घुमला. सिद्धम्मा थांबव म्हणे, सुरू कर म्हणे. मुलगी थांबवत होती, सुरू करत होती. सर दाराशी उभे होते. खाली चारच्या बॅचची मुलं जमू लागली, तेव्हा कुठं सिद्धम्मानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझ्या बापाला लई आवडलं असतं."