एक कपाळ, दोन हात

"निवलं! निवलं हो पोर माझं!"

पुढच्या रांगेतला एक बाप ओरडला आणि दाटीवाटीने बसलेल्या सगळ्या माणसांच्या अंगावर सरसरून काटा आला. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. मागच्यांना काही दिसत नव्हतं, पण पुढचे रडतायत म्हटल्यावर त्यांनाही हुंदका आवरेना.

बसस्थानकामागे एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर हे सगळं चालायचं. भिंतीवर 'पलंग, कपाटे, सोफे' अशी पुसट अक्षरं अजून शिल्लक होती आणि त्या अक्षरांखाली, दुकानाच्या विक्रीतून उरलेल्या एका गुबगुबीत सोफ्यावर, निवांतबाबा मांडी घालून बसायचे. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तापलेल्याला निववतो तो निवांत, असा खुलासा त्यांनी स्वतःच केला होता.

"मी कोण? मी कुणीच नाही," बाबा डोळे मिटून म्हणायचे. "मी गोळी देत नाही, पुडी देत नाही, तुमच्या लेकराला बोटसुद्धा लावत नाही. विश्वातली उष्णता विश्वाला परत करतो, बस्स. आणि ताप उतरला हेही मी सांगणार नाही. आईचा हात सांगेल. आईचा हात कधी खोटं बोलतो का?"

"नाही!" सगळा मजला गरजायचा.

पद्धत सोपी होती. आधी आईबापांनी दोन्ही हात 'शुद्धीच्या पाण्यात' मनगटापर्यंत बुडवायचे. बाबांचा मंत्र संपेस्तोवर बाहेर काढायचे नाहीत. मंत्र चांगला लांबलचक होता. त्यात ग्रह यायचे, तारे यायचे, 'कंपनं' आणि 'ऊर्जा' यायची, आणि एकदा तर म्हणे 'वायफाय'सुद्धा आलं होतं. मग हात कोरडे करून लेकराच्या कपाळाला लावायचे. कपाळ गार! जाताना दोन ताकिदी मिळायच्या. घरात थर्मामीटर ठेवायचा नाही, कारण ताप त्या नळीत दडून बसतो. आणि दवाखान्याची पायरी चढायची नाही, कारण सुई टोचली की उतरलेला ताप उलटतो.

पाण्याच्या घमेल्याशेजारी टॉवेल घेऊन एक बाई उभी असायची. वाळून काडी झालेली, न बोलणारी. घमेल्याखालच्या शेगडीची आच कमीजास्त करायचं कामही तिच्याकडेच होतं. पाणी ठरल्याइतकंच गरम राहिलं पाहिजे, अशी बाबांची आज्ञा होती.

ती जवळच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंची धाकटी बहीण. आणि त्या दिवशी बाई पहिल्यांदाच तो जिना चढून आल्या होत्या, त्या तिच्यासाठीच.

धाकटी शिवणाच्या कारखान्यात कॉलर बसवायच्या मशीनवर होती. तिची एकुलती एक मुलगी भिंगरी. नाव वेगळं होतं, पण पोर एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणायचे. पावसाळा सरता सरता भिंगरीला ताप भरला, मान दुखते म्हणून रडायला लागली. नवरा कामासाठी परमुलखात, मोठी बहीण परीक्षेच्या कामात. कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून धाकटीने पोरीला उचललं आणि बाबांकडे आणलं. हात बुडवले, मंत्र ऐकला, कपाळ पाहिलं. गार! आनंदाने रडत ती पोरीला खांद्यावर घेऊन घरी गेली. वाटेत सरकारी दवाखान्याचं फाटक लागलं होतं. ती त्यावरून सरळ पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई सहज डोकावल्या, तर पोर डोळेसुद्धा उघडत नव्हती. "झोपलीय गं, ताप उतरलाय तिचा," धाकटी सांगत होती. बाईंनी काही न ऐकता भिंगरीला उचललं आणि दवाखान्यात धाव घेतली. दिवेलागणीला भिंगरी गेली. मेंदूज्वर. व्हरांड्यात डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या होत्या, "काल आणली असतीत, तर..." आणि पुढचं त्यांनी गिळलं होतं.

बाईंनीही ते गिळलं. कारण आत धाकटी पोरीच्या उशाशी बसून म्हणत होती, "तू नेलीस तिला. बाबांनी सांगितलं होतं, उलटेल म्हणून. तू मारलंस माझ्या पोरीला, ताई."

त्या दिवसापासून धाकटी बाईंशी बोलली नव्हती. तिने कारखाना सोडला आणि बाबांच्या सेवेत रुजू झाली. बाई तिच्या दारात जायच्या, डबा ठेवायच्या, परत यायच्या. आज मात्र तिने घरही सोडल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं, म्हणून त्या जिना चढल्या.

"चल घरी," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

धाकटीने मान वर केली नाही. "इथे आलीस तर हात बुडव. सगळ्यांनाच बुडवावे लागतात."

वाद नको म्हणून बाईंनी हात बुडवले. पाणी चांगलंच गरम होतं. पोळत नव्हतं, पण पहिल्यांदा हात मागे घ्यावासा वाटलाच. मग हळूहळू ते सवयीचं झालं, आणि मंत्र संपेपर्यंत तर गरम आहे हेही जाणवेना. हात पुसले. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, म्हणून त्यांनी गालावरचा घाम टिपला.

गाल गार लागला. त्या भट्टीसारख्या खोलीत, त्यांचा स्वतःचा गाल.

दरवर्षी सातवीच्या वर्गात उष्णतेचा धडा सुरू करताना बाई टेबलावर तीन भांडी ठेवायच्या. एकात गरम पाणी, एकात गार, मध्ये कोमट. एक हात गरममध्ये, एक गारमध्ये, आणि मग दोन्ही कोमटमध्ये. पोरं किंचाळायची, "बाई, एकाच भांड्यात दोन पाणी आहेत!" तो प्रयोग करून करून बाईंना कंटाळा आला होता. आणि तोच प्रयोग इथे मांडला होता. मधल्या भांड्याच्या जागी लेकराचं कपाळ.

सगळं उलगडलं होतं आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. हे सांगायचं म्हणजे धाकटीला सांगायचं, की त्या दिवशी भिंगरीचा ताप उतरलाच नव्हता. तू तापलेली पोर खांद्यावर घेऊन दवाखान्यावरून गेलीस. बाईंवरचा आळ धुऊन निघाला असता. पण तो जाऊन कुणाच्या माथी बसला असता? त्यापेक्षा धाकटीने आपल्याला जन्मभर खुनी म्हणावं, तेच बरं. बाईंनी पर्स उचलली आणि जायला वळल्या.

तेवढ्यात एक रिक्षावाला आणि त्याची बायको पुढे आले. बायकोच्या कुशीत तान्हं बाळ होतं. त्याच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या आणि दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बाळ नवऱ्याकडे देऊन आईने हात बुडवले, मंत्र झाला, धाकटीने टॉवेल दिला. आईने कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा खुलला.

"अहो, गार लागतंय! खरंच गार लागतंय!"

बाईंना धाकटीचा तसाच खुललेला चेहरा दिसला. तो त्यांनी पाहिला नव्हता, पण आता दिसला.

"थांब," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. सगळे वळले. कोपऱ्यात पिण्याच्या थंड पाण्याचं पिंप होतं. बाईंनी त्यातलं पातेलंभर पाणी आणून घमेल्याशेजारी ठेवलं. "एक काम कर. उजवा हात त्यांच्या पाण्यात, डावा ह्यात."

"संशयाने ऊर्जा बिघडते," बाबा सोफ्यावरून म्हणाले.

"आईचा हात खोटं बोलत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना? मग तिच्याच हातांना विचारते. तुम्ही मंत्र म्हणा, तेवढा वेळ लागणारच आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी नाइलाजाने मंत्र म्हटला, पण या वेळी त्यातले बरेचसे ग्रह गळले होते.

"आता उजवा लाव. कसं वाटतंय?"

"गार."

"आता डावा."

तिने डावा हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! चटका बसतोय!"

मागची माणसं टाचा उंचावून पुढे सरकली.

"कपाळ एकच," बाई म्हणाल्या. "दोन्ही हात तुझेच. यातला खरा कोणता?"

"डावा हात अशुद्ध असतो!" बाबा गडबडीने म्हणाले. "डाव्याचं ऐकू नये."

"मग बदल हात."

या वेळी रिक्षावाल्याने बाळ बायकोकडे देऊन स्वतःचे हात घातले. डावा गरम पाण्यात, उजवा गार पाण्यात. मंत्राची वाटही पाहिली नाही, नुसता दात आवळून उभा राहिला. मग दोन्ही हात आळीपाळीने बाळाच्या कपाळावर ठेवले.

"आता उजवा पोळतोय," तो म्हणाला. मग सोफ्याकडे पाहून म्हणाला, "च्यायला!"

बाईंनी पर्समधून थर्मामीटर काढला. भिंगरी गेल्यापासून तो त्यांच्या पर्समध्येच असायचा. बाळाच्या काखेत धरला. एकशेचार.

"हाताला ताप मोजता येत नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "हाताला एवढंच कळतं, की उष्णता आपल्यात येतेय की आपल्यातून जातेय. हात बाळापेक्षा गरम केला, की हातातली उष्णता बाळाकडे जाते आणि आपल्याला वाटतं, बाळ गार पडलं. बाळात काहीच बदललेलं नसतं. बदललेला असतो तो आपला हात. पळा दवाखान्यात!"

रिक्षावाला बायकोचा दंड धरून जिना उतरला. खालून इंजिनाचा आवाज आला आणि दूर गेला. मग लोक एकेक करून पुढे आले. घमेल्यात हात, पातेल्यात हात, आपापल्या कपाळाला हात. एक म्हातारे गृहस्थ तर तीनतीनदा करून बघत होते आणि दर वेळी "अरे देवा" म्हणत होते. या गडबडीत सोफा कधी रिकामा झाला, ते कुणालाच कळलं नाही.

धाकटी टॉवेल घेऊन तशीच उभी होती. गर्दी ओसरल्यावर तिने टॉवेल खाली ठेवला, एक हात घमेल्यात घातला, दुसरा पातेल्यात. बाईंना वाटलं, पुढे होऊन तिचे हात ओढून काढावेत. पण त्या हलल्या नाहीत. धाकटीने बराच वेळ हात तसेच ठेवले. मग दोन्ही काढून स्वतःच्या कपाळावर टेकवले.

"ताई."

कित्येक महिन्यांनी ती ही हाक मारत होती.

"त्या दिवशी तिला ताप होता?"

"हो."

"मी घरी नेली तेव्हाही?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. मघाशीच त्या एवढ्या लोकांसमोर खरं बोलल्या होत्या, आता एकीशी खोटं कसं बोलणार? "हो गं."

"मला तर वाटलं, गार पडली. मी तिला म्हटलं, बरी झालीस हं राणी. ती म्हणाली, आई, डोकं दुखतंय. मी म्हटलं, छे, आता कुठलं दुखायला." धाकटी खाली बसली. "ही शेगडी मी पेटवत होते, ताई. रोज. किती जणांच्या हाती टॉवेल दिला मी."

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. तुझा दोष नाही, फसवणाऱ्याचा आहे, असं पुष्कळ सांगायचं होतं. त्यांनी ते सांगितलंही. पण धाकटीच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्यातलं एक अक्षरही तिच्यापर्यंत पोचत नाहीये.

निवांतबाबांना पुन्हा कुणी पाहिलं नाही. तक्रार झाली, चौकशी झाली, दुकानाला कुलूप लागलं. दुसऱ्या कुठल्याशा शहरात तळपायाला हात लावून सांधेदुखी घालवणारे एक बाबा आलेत, असं कानावर आलं. तेच असतील किंवा दुसरे असतील. अशांचा तुटवडा कधीच नसतो.

रिक्षावाल्याचं बाळ वाचलं. न्यूमोनिया होता. बाईंनी हे धाकटीला सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं,

"वेळेवर नेलं म्हणून?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि ओंजळीत तोंड लपवून ढसढसा रडली.

काही महिन्यांनी ती पुन्हा मशीनवर बसू लागली. एकदा जेवणाच्या सुट्टीत, कुणी न सांगता, तिने कारखान्याच्या खानावळीतून तीन भांडी मागून घेतली आणि एका टेबलावर मांडली. बायका डबे घेऊन भोवती जमल्या. तिने एकेकीला हात बुडवायला लावले. बायका किंचाळल्या, हसल्या, पुन्हा पुन्हा करून बघू लागल्या. बाईंना तिने निरोप पाठवून बोलावलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या.

"हात मायेने फिरवायला आहे," धाकटी सांगत होती. "ताप बघायला थर्मामीटर आहे, आणि ताप आला तर दवाखाना आहे. बाबाने, महाराजाने, शेजारणीने, कुणीही सांगितलं तरी आधी मोजायचं. आणि कुणी मोजू नका म्हणाला, तर समजायचं, मोजलं की त्याचं बिंग फुटणार आहे."

नव्याने लागलेली एक मुलगी होती. तिला मागचं काही माहीत नव्हतं. कडेवर आठ-दहा महिन्यांचं लेकरू सांभाळत तिने सरळ मनाने विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं हे सगळं? तुमच्या मुलीला ताप आला होता का? मग झाली का बरी?"

बाकीच्या बायका चपापल्या. बाई दारातून एक पाऊल पुढे आल्या.

"नाही," धाकटी म्हणाली. "मी हाताचं ऐकलं. तू ऐकू नकोस."