गुरुवारचं तेल

सनोबर रस्त्यानं धावत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत कणकेनं माखलेले होते. मर्गिलान शहरात कुठलीही बाई असे हात घेऊन उंबऱ्याबाहेर पडत नाही. एर्गाश अंगणात पाळण्याचा दांडा तासत बसला होता. त्यानं रंधा खाली ठेवला आणि ती काही बोलायच्या आतच विचारलं, "मस्तुरा?"

सनोबरनं नुसती मान हलवली. सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून मैत्रीण हिदायत मस्तुराला गाडीत घालून दवाखान्यात निघाली होती. वाटेतच, हिदायतच्या खांद्यावर डोकं टाकून एर्गाशची बायको गेली.

या तिघींची मैत्री शाळेच्या फाटकाशी झाली होती. तिघींची मुलं एकाच वर्गात. मुलं सुटेपर्यंत उभं राहून राहून बोलायचं तरी काय, म्हणून हिदायत एक दिवस म्हणाली, "तोंड चालतंय तसे हात पण चालवू या." मग टोपलीत घरचे सामसे, तंदुरात भाजलेले समोसे, आणून फाटकाशी विकायला लागल्या. मुलं शाळेतून बाहेर पडली, मोठी झाली, एर्गाशचा मुलगा कामाला रशियात गेला, आणि टोपलीची खानावळ झाली. रेशीम कारखान्यासमोर, कोपऱ्यावर. दारावर नाव रंगवलं, 'तीन आया'. सामसे भरून तंदुराच्या भिंतीला चिकटवायचं काम मस्तुराचं. तिच्या बाहीला कायम जळका वास असायचा.

तिला घरी आणलं तेव्हा अंगणात सगळा मोहल्ला जमला होता. हिदायत गाडीतून उतरली आणि एर्गाश सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "तुझ्या त्या तंदुरानं खाल्लं माझ्या बायकोला." हिदायत काही बोलली नाही. तिची जीभ अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होती, म्हणून ते गप्प राहणं सगळ्यांच्याच लक्षात राहिलं.

तीन दिवस घरात चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी जेवण पुरवलं. मुलगा आला, मातीला हात लावला, रडला आणि परत गेला. मग पहिला गुरुवार आला.

गेलेल्या माणसाचा जीव दर गुरुवारी आपल्या घराच्या दाराशी येतो. त्याला खायला काही लागत नाही, फक्त वास लागतो. म्हणून घरात कढई चढवायची, तेल चांगलं तापवायचं, पातळ पोळ्या तळायच्या, दुवा मागायची आणि त्या पोळ्या शेजारीपाजारी वाटायच्या. हे काम घरच्या बाईचं. एर्गाशच्या घरात आता बाईच नव्हती. सकाळी दार वाजलं. बाहेर सनोबर पिठाची पिशवी घेऊन उभी, आणि तिच्या मागे हिदायत.

दोघी दर गुरुवारी यायला लागल्या. हिदायत एर्गाशशी बोलत नव्हती, एर्गाश हिदायतशी बोलत नव्हता. मध्ये सनोबरचं भरीत होत होतं. दादा म्हणावं तसं दोघी एर्गाशला अका म्हणायच्या.

"सनोबर, एर्गाश अकांना सांग, तेल संपत आलंय."

"सनोबर, तिला सांग, मला डोळे आहेत."

एका गुरुवारी त्या दोघी पीठ मळत असताना एर्गाश व्हार्निश आणायला बाजारात निघाला. रेशीम कारखान्यावरून जाताना पाहतो तर 'तीन आया'ला कुलूप. समोर जेवायच्या सुट्टीत बाहेर पडलेल्या विणकर बायका उभ्या होत्या. त्यांतली एकही त्याला ओळखत नव्हती.

"बंद का आहे?" त्यानं विचारलं.

"गुरुवार ना. हल्ली दर गुरुवारी बंद," एक म्हणाली. "कुणाच्या तरी घरी पोळ्या तळायला जातात म्हणे. आम्ही तोवर काय, धागे चावायचे?"

"गप गं. मैत्रीण गेलीय त्यांची."

"गेली, अल्ला तिला चांगली जागा देवो. पण माझं पोट गेलं नाही ना अजून! मुकादम काय म्हणाले ऐकलंस? पुढच्या गुरुवारी कुलूप दिसलं तर सगळ्यांचं जेवण बाजाराजवळून मागवणार. रोजचं. एक दिवस इथं, एक दिवस तिथं, असला घोळ नको म्हणाले."

एर्गाश तिथंच उभा राहिला. ती खानावळ कारखान्यावर चालत होती. मस्तुराच म्हणायची, त्या जेवतात म्हणून आपण जेवतो. कारखाना गेला की महिन्याभरात दारावरची पाटी उतरवावी लागली असती.

व्हार्निश न घेताच तो परतला. अंगणात धूर होता. शेजारची रिसोलत खोला, मोहल्ल्यातली सगळ्यांची मावशी, लाकडी बाजेवर चहा पीत बसली होती. हिदायत पोळी लाटत होती. एर्गाश सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दुकान बंद ठेवून इथं येता, हे सांगितलं का नाही?"

हिदायतनं मान वर न करता सुरुवात केली, "सनोबर, अकांना सांग..."

"सनोबरला मध्ये घालू नकोस. मी तुला विचारतोय."

"चला, माझ्या जिभेला सुट्टी मिळाली," सनोबर पुटपुटली आणि कढईकडे वळली.

हिदायतनं लाटणं ठेवलं. "सांगून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असता, येऊ नका. मग ओपा दाराशी आली असती तर तिला वास कसला आला असता? तुमच्या व्हार्निशचा?"

मस्तुरा वयानं मोठी, म्हणून दोघी तिला ओपा म्हणायच्या, ताई.

"पुढच्या गुरुवारी तुम्ही दुकान उघडा," तो म्हणाला. "तेल मी तापवीन."

रिसोलत खोलानं पेला आपटला. "बाप्या माणूस पोळ्या तळणार? अरे, तुझ्या आजोबानं कधी स्वतःचा चहासुद्धा ओतून घेतला नाही!"

"आजोबांची बायको त्यांच्या मागून गेली, खोला."

"बाप्याच्या हातचा वास पोचायचा नाही."

"नाही पोचला तर मस्तुरा सांगेल. माझं चुकलं आणि ती गप्प बसली, असं आजवर झालेलं नाही."

त्यावर सनोबर हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. हिदायत भांडी घासायला उठून गेली तेव्हा सनोबर एर्गाशजवळ येऊन हळूच म्हणाली, "अका, एक सांगू? त्या सकाळी ओपाला दुखतंय हे कळल्यापासून हिदायत तिच्या मागे लागली होती. डॉक्टरकडे चल, डॉक्टरकडे चल. ओपाच म्हणायची, एवढे सामसे लावू दे, मग जाऊ. शेवटी हिदायतनं तिला तंदुरापासून ओढून गाडीत बसवलं."

बुधवारी हिदायत शिकवायला आली.

"ठोकताय काय? पाळणा आहे का तो? लाटा. आणि कडा कापू नका, अका, हे लाकूड नाही!"

"गोल व्हायला नको?"

"वास गोल नसतो. पातळ करा."

गुरुवारी एर्गाशनं एकट्यानं कढई चढवली. पहिली पोळी तेल तापायच्या आत टाकली, ती तेल पिऊन मेली. दुसरी करपली. पुढच्या जरा बऱ्या झाल्या. एर्गाशला येत होती तेवढी दुवा त्यानं म्हटली आणि पोळ्या फडक्यात बांधून दारोदार फिरला. रिसोलत खोलानं तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "मस्तुराचे दात मजबूत होते. चालेल."

दुपारी तो कारखान्याकडे गेला. 'तीन आया'चं दार उघडं होतं. विणकर बायका बाकांवर दाटीनं बसल्या होत्या, 'धागे चावायचे?' म्हणणारी ती चावऱ्या जिभेची सर्वांत पुढे. मुकादमही कोपऱ्यात सूप पीत होते. सनोबर ताटं घेऊन पळत होती. तंदुराशी, मस्तुराच्या जागी, हिदायत उभी होती. तिचा हात बसलेला नव्हता. काही सामसे भिंतीवरून सुटून निखाऱ्यात पडत होते आणि ती त्यांना शिव्या घालत होती.

"पोचला का वास?" तिनं विचारलं.

"गल्लीभर पोचला. पुढचं मला माहीत नाही."

"पोचला असेल. तेल तापलं होतं ना?"

"नंतर तापलं."

तिनं गरम सामसा कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. रस्ताभर त्यानं एक वाक्य जुळवत आणलं होतं. त्यानं तोंड उघडलं तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "हिदायत ओपा, अजून सहा!" आणि ती बाही ओढून तंदुरात वाकली. एर्गाश थोडा वेळ थांबला, मग सामसा खात घरी आला.

आता तो दर गुरुवारी तेल तापवतो. कारखान्याचं जेवण 'तीन आया'कडेच आहे. हिदायत त्याच्याशी बोलते, चिडवते, त्याच्या घरचं पीठ संपलं की पाठवून देते. अंगणात सगळ्यांसमोर तो तिला जे म्हणाला होता, ते त्यानं अजून मागे घेतलेलं नाही.